दाराखालच्या फटीतून गेलेला वास

मैत्रिणींनो, घरी ॲक्रिलिकची नखं लावून देता? आणि घरात कोणाला दमा आहे? मग आजचं माझं वाचाच.

खामगावात आमच्या मागच्या खोलीत मी गिऱ्हाइकांची नखं करते. सासूबाईंना दमा आहे, म्हणून दार घट्ट लावते आणि खिडकीतला कूलर फुल्ल सोडते. ॲक्रिलिकच्या रसायनाचा उग्र वास खोलीतच राहतो, अशी माझी खात्री होती.

आज दुपारी एका नवरीची नखं करत असताना दारापलीकडच्या खाटेवरून सासूबाईंचा खोकला आणि त्यांच्या दम्याच्या पंपाचा फुस्स आवाज आला. नवरी गेली, पण माझ्या डोक्यात किडा वळवळत राहिला. सासूबाई शेजारी गेल्याबरोबर मी कूलर चालू ठेवून दाराच्या फटीशी उदबत्ती धरली.

धूर सरळ बाहेर, त्यांच्या खाटेकडे!

कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. मग आतली हवा जाणार कुठून? दाराखालूनच ना! म्हणजे दोन उन्हाळे मीच तो वास त्यांच्याकडे पाठवत होते.

त्या आल्यावर विचारलं, "आई, मले सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं तू काम बंद केलं असतं ना वं!"



कूलर आता त्यांच्या खोलीत गेलाय. माझ्या खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसेपर्यंत नखं बंद.

तुमच्या घरातली हवा कुठून कुठे जाते, कधी पाहिलंत? आणि तिथे कोणाची खाट आहे?