हात बरा झाल्यावर

उन्हाळ्याच्या तोंडावर न्हाणीघरात पाय घसरला आणि माझं उजवं मनगट मोडलं. पडल्यावर आधी काय केलं, तर कुणी बघितलं नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं. घरात मी एकटीच राहते. बघणार कोण?

सोलापूरच्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. माणसाचा देह मोडू शकतो, दुखू शकतो, म्हणूनच माणसांना एकमेकांची गरज लागते आणि नीतीची सुरुवात तिथूनच होते, हे मी मुलांच्या गळी उतरवत असे. दुसऱ्याची गरज लागण्यात लाज कसली, हे माझं आवडतं वाक्य. घरी मात्र गॅसचं सिलिंडरसुद्धा दुसऱ्यानं हलवलेलं मला खपत नसे. कुणाचं मिंधं म्हणून राहायचं नाही, हा माझा खाक्या.

प्लास्टर घातल्यावरही तो खाक्या मी रेटून नेला. आमटीत कडक भाकरी चुरायला एक हात पुरतो. साडी सोडून गाऊन घातला. अडलं ते केसांपाशी. अजूनही कमरेपर्यंत आहेत आणि एका हातानं ते धुताही येत नाहीत, विंचरताही येत नाहीत. वर आमचं ऊन. घामानं डोकं चिकट झालं, जटा व्हायला लागल्या. कापूनच टाकावेत, असंही मनात येऊन गेलं.

आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतं. त्या दिवशी पाणी आलं तेव्हा शेजारीण माझे पिंप भरून द्यायला आली. तिचं घर तेलुगू विणकरांचं. नवरा यंत्रमागावर जातो, ही घरी विड्या वळते. पाइप पिंपात सोडून तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

“काय करून घेतलाव हे डोक्याचं, मॅडम? बसा हितं.”

मी नको-नको म्हटलं. पण ती ऐकणाऱ्यातली नव्हती.

मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर तिनं मला बसवलं, प्लास्टरवर दुधाची रिकामी पिशवी बांधली आणि डोक्यावर तांब्या ओतला. शिकेकाईच्या वासातही तिच्या बोटांना तंबाखूचा वास येत होता. “कळ्ळु मूस्को,” ती म्हणाली. डोळे मीट, असं ती आपल्या पोरांना म्हणते. मग जीभ चावून म्हणाली, “तुमाला न्हाय, मॅडम. सवयीनं आलं की तोंडात.” मी तोवर डोळे मिटलेही होते. आई गेल्यापासून माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. मी रडले. डोळ्यांत शिकेकाई गेली म्हणून सांगितलं, तर तिनं पदराच्या टोकानं माझे डोळे पुसले.

मग दर पाण्याच्या दिवशी ती येऊ लागली. अख्खी गल्ली नळाची वाट पाहायची, मी तिची पाहायची. केस विंचरताना ती पोरीची शाळा, सासूचं पथ्य, ठेकेदारानं खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, असं काय काय सांगत बसे. मला काहीच शिकवावं लागत नसे. फार बरं वाटायचं.

यथावकाश प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता, पण चालत होता. “सुटलाव बगा,” म्हणून तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. त्यानंतर पाणी आलं तेव्हा ती आपल्याच घरी पाणी भरत राहिली. तिचं काय चुकलं? मी शिकेकाई उकळून ठेवली होती. बराच वेळ दगडावर जाऊन बसले.

प्लास्टर होतं तोवर मला तोंड उघडावं लागलं नव्हतं. मोडलेलं हाडच माझ्या वतीनं मागत होतं. आता काय दाखवून मागायचं? भूक, आजार, म्हातारपण यांवर मी तासन् तास बोलले होते. धडधाकट माणसाला नुसताच कुणाचा तरी हात हवा असतो, याबद्दल बोलल्याचं आठवेना. शेवटी उठले आणि भिंतीवरून हाक मारली.

“अगं, आज माझं डोकं धुवून देशील का?”

तिची नजर आधी माझ्या हाताकडे गेली. “दुखतंय काय परत?”

हो म्हटलं असतं तर हातातली घागर ठेवून ती आली असती.

“नाही,” मी म्हणाले. “हात बरा आहे. तरी पण.”

ती खळखळून हसली. “चेष्टा करलालाव की काय, मॅडम. मला विड्या द्यायला जायचं हाय अजून.” घागर कमरेवर घेऊन, हसत हसतच ती आत निघाली.

मीही हसले. तिला आतपर्यंत ऐकू जाईल, इतक्या मोठ्यानं.