महिपतच्या नावचा नारळ

महिपत चिरेखाणीवाला गेला तेव्हा वाळीतच होता. त्यात नवल काही नाही; जिवंतपणीही तो बहुतेक वाळीतच असायचा. रत्नागिरीहून खाडी ओलांडून पावसला जाणाऱ्या वाटेवरचं गाव. नाव सांगून उगाच कोणाच्या माहेराची बदनामी कशाला? तिथली गावकी दुसरं काही वेळेवर करत नसे, पण पावसाळा लागला की महिपतला वाळीत टाकायचं काम मात्र चुकायचं नाही.

वाळीत म्हणजे कोणी बोलायचं नाही, दुकानदारानं मीठ द्यायचं नाही, गावच्या विहिरीवर पाऊल टाकायचं नाही. सुटायची रीत सोपी. देवळात गावापुढं नारळ ठेवायचा, ‘चुकलो’ म्हणायचं, उठायचं. भलेभले ठेवून मोकळे झाले. महिपतनं कधी ठेवला नाही. तरी सुटायचा, कारण वैशाखात विहिरीचा गाळ काढायला उतरणारा दुसरा माणूस गावात नव्हता. बाकीच्यांना काठावरून सूचना द्यायला आवडायचं. एका साली तर गावकी त्याला आधी माफ करायलाच विसरली. पाणी बंद असलेला माणूस त्याच पाण्यातला गाळ टोपल्या भरून वर पाठवतोय, आणि वर आल्यावर त्याला तांब्याभर पाणी द्यावं की नाही यावर मानकरी भांडतायत, असा तो देखावा.

त्याचे गुन्हे तरी काय? ओढ्यापलीकडच्या वाडीला गावच्या विहिरीची बंदी होती. ती माणसं डबक्यातलं पाणी प्यायची. महिपतनं त्यांच्या बरोबरीनं जांभा फोडून त्यांना विहीर खणून दिली. मग एका विधवेची कुळाची जमीन गिळायला निघालेल्यांच्या विरुद्ध रत्नागिरीच्या कचेरीत साक्ष दिली. आणि शेवटी त्या वाडीतल्या रावजीला हाताला धरून गावच्या विहिरीवर आणला. शिवाशिव पाळणं गुन्हा आहे, असा कायदा तोवर झाला होता. कायदा रत्नागिरीपर्यंत पोचला होता खरा. पुढं भाट्याची खाडी आडवी आली असावी.

या सगळ्याचं पाणी भरलं त्याच्या बायकोनं, चिमानं. नाव त्याचं, घागर हिची. गावची विहीर दारासमोर, रहाटाची कुरकुर चुलीपाशी ऐकू यायची, आणि ही उतार उतरून, ओढा ओलांडून पलीकडच्या वाडीत जायची, भरली घागर घेऊन चढ चढायची. तरुणपणी रागानं चढायची. पुढं रागही दमला.

“तुमचा न्याय एकदा तुमच्या डोक्यावर द्या,” ती म्हणायची. “म्हंजे कळंल किती जड हाय तो.”

महिपत हसायचा. तो हसला की तिला दुसऱ्या दिवशीचा चढ आणखी लांब वाटायचा.

तर असा महिपत सकाळी पेज पिता पिता गेला. मूलबाळ नव्हतं. रावजी वाडीतली माणसं घेऊन आला, बांबू तोडून तिरडी बांधायला बसला. खाडीवर तरीची होडी चालवणारा हारुन आला; मीठ बंद असायचं तेव्हा मोहल्ल्यातून मीठ आणून देणारा तोच. चिमा खांबाला टेकून बसली होती. रडण्याआधी तिला थोडं झोपावंसं वाटत होतं.

एवढ्यात गावकीचा पुढारी गंगाराम, मागं चारदोन मानकरी घेऊन, अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर उभा राहिला. महिपत गेल्याचं रत्नागिरीला कळलं होतं, दुपारपर्यंत तिथले गांधीटोपीवाले पुढारी येणार होते. गंगारामानं धुवट धोतर नेसलं होतं आणि भाषणही मनात जुळवलं असावं, कारण ओठ हलत होते.

“वयनी,” तो म्हणाला, “माणूस मोठा होता. अख्खा गाव खांदा द्यायला तयार हाय. तुमी फक्त त्याच्या वतीनं एक नारळ ठेवा. सुतक हाय, देवळात नको, हितंच गडग्यावर ठेवा. उद्यापासनं दारातल्या विहिरीवर पाणी भरा.”

चिमानं विहिरीकडं पाहिलं. ती एवढी जवळ होती की तिला राग येण्याऐवजी झोपच आली. तिनं हारुनला विचारलं, “ते काय म्हणाले असते रे?”

“तो गेला, वयनी,” हारुन म्हणाला. “त्याला काय विचारता? पाणी तुमाला भरायचा हाय.”

रावजी सुंभाची गाठ मारता मारता वर न बघता म्हणाला, “ठेवा, काकी. तुमचे गुडघे आमी रोज बघतो. आमी कोण वाईट वाटून घेणार नाय.”

सगळ्यांनीच परवानगी दिल्यावर नाही म्हणायला कोणी उरलं नाही. चिमा उठली, आत गेली, नारळ घेऊन पडवीच्या पायरीवर आली. गंगारामाचा चेहरा खुलला.

“खांदा कोण कोण देणार, भावजी?” तिनं सहज विचारलं.

“गाव देणार. मानाप्रमाणं.”

“आणि रावजी?”

गंगाराम खोकला. “रावजी काय, घरचाच. मागनं चालंल. जरा अंतर ठेवून.”

चिमा पायरीवर बसली. नारळ मांडीत.

“मंग ऱ्हावंदे, भावजी,” ती म्हणाली. “आयुष्यभर चढ चढले. आता तुमच्या अंतराचा हिशेब कोण करीत बसणार?”

“वयनी, उद्या पाण्याला...”

“जाईन की तिकडं. वाट ठावकी हाय.”

आवाजात धार नव्हती. रावजी, हारुन आणि वाडीतल्या दोघांनी तिरडी उचलली. अग्नी रावजीनं दिला. टोपीवाले आले तेव्हा गावकी गडग्याशी उभी होती. गंगारामानं भाषण केलं म्हणतात, आणि त्यात महिपतला गावचं भूषण म्हटलं. चांगलं जमलं होतं, असं ऐकणारे सांगतात.

तेरावं उरकल्यावर चिमा घागर घेऊन निघाली. उतार उतरताना दोनदा बसली. रावजीची बायको वाडीच्या विहिरीवरच होती. तिनं घागर भरली, चुंबळ आपल्याच डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, “चला, काकी. मी येत्ये घरापर्यंत.”

एरवी चिमा नको म्हणाली असती. त्या दिवशी नको म्हणायलाही अंगात ताकद नव्हती. ती रिकाम्या हातानं तिच्या मागोमाग चढ चढू लागली.