भोकं की चिरा

माझा जुना कॅमेरा साबणाच्या वडीएवढा. शर्टाच्या खिशात मावायचा. काढला की लेन्स आपोआप बाहेर, क्लिक, परत खिशात. कडांचा रंग उडाला होता, बॅटरीचं झाकण मी रबरबँडने बांधून ठेवलं होतं. न्हावा शेव्याच्या बाजूला एका यार्डात मी कंटेनरचा सर्व्हेअर आहे. म्हणजे रिकामा कंटेनर परत आला की कुठे पोचा पडलाय, कुठे गंज लागलाय, तळाची फळी कुठे उचकटलीय ते बघायचं, फोटो काढायचे आणि रिपोर्ट पाठवायचा. यार्डात चालताना मोबाइल काढायला मनाई आहे, आणि ते बरंच आहे, नाहीतर आमची निम्मी माणसं ट्रेलरखाली गेली असती. म्हणून ऑफिसने फार पूर्वी सगळ्यांना छोटे कॅमेरे दिले होते. बाकीच्यांचे बंद पडले, हरवले, कुणाचे पोराबाळांच्या हातात गेले. माझा टिकला, कारण मी वस्तू जपतो. बायको म्हणते, जपत नाही, चिकटून बसता.

गेल्या वाढदिवसाला मुलीने मला नवीन कॅमेरा आणला. मिररलेस. नुकतंच शिकायला लागलेल्या माणसाने घ्यावा तसला, पण आमच्या घरात आलेली एवढी देखणी वस्तू दुसरी नाही. "पप्पा, आता तो डबा भंगारात टाका," ती म्हणाली, "आणि हा कपाटात ठेवायला आणलेला नाही, कामावर न्यायचा." मी म्हटलं, अगं, गंजात आणि धुळीत कशाला न्यायचा तो? तर तिचं तोंड पडलं. मग काय, नेला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला एवढा ऐवज, यार्डातली माणसं म्हणाली, "साहेब, लग्नाची ऑर्डर आहे का?"

आता दोघांची तुलना करायची तर नव्याचे फोटो बघून पहिल्या दिवशी मी गार झालो. कंटेनरच्या दारावरचा नंबर जुन्यात नुसता वाचता यायचा, नव्यात त्या नंबरच्या रंगाला गेलेला बारीक तडासुद्धा दिसायचा. संध्याकाळी उजेड कमी झाला की जुना कॅमेरा फ्लॅश मारून मोकळा व्हायचा, सगळं पांढरंफटक. नवा थांबायचा, उजेड गोळा करायचा आणि गंजाचा रंग गंजासारखा दाखवायचा. पण जुन्याला पुढचं, मागचं, सगळं एकदम स्पष्ट दिसायचं. नव्याला आधी काय बघायचंय ते सांगावं लागायचं, सांगितलं नाही की तो भलतंच काहीतरी धरून बसायचा. आणि वजन! जुना मी एका हाताने वापरायचो, दुसऱ्या हातात टॉर्च. नव्याला दोन्ही हात लागायचे, टॉर्च मग काय दातात धरायचा?

हे सगळं चालवून घेतलं असतं. पण हळूहळू फोटो हललेले येऊ लागले. सगळे नाही. दुपारचे ठीक. सावलीतले, कंटेनरच्या आतले, संध्याकाळचे, हे हललेले. दारावरचा नंबर दोनदा छापल्यासारखा दिसायचा. मी परत काढायचो, परत तेच. घरी येऊन मी मुलीवर घसरलो. "तुझ्या ह्या कॅमेऱ्यात खोट आहे. दुकानदाराने फसवलं तुला." ती बिचारी सुट्टीच्या दिवशी तो घेऊन वाशीला गेली, दिवस घालवून आली. म्हणे, काही बिघाड नाही, एकदम चांगला आहे. मी म्हटलं, त्यांना काय कळतंय? तेव्हा ती हसत म्हणाली, "पप्पा, नाचता येईना अंगण वाकडं."

एरवी मी पण हसलो असतो. त्या दिवशी ताटावरून उठलो. बायको म्हणाली, "अहो, पोरगी गमतीनं बोलली." मी म्हटलं, मला कळतंय गंमत कशाला म्हणतात ते. आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. कामोठ्यात आमच्या गॅलरीतून समोरच्या सोसायटीची गॅलरीच दिसते, तिथे कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. मी उजवा हात कठड्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिलो. हात एकदम शांत होता. मला तेवढ्याने इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

कारण मला भीती कसली वाटत होती ते मला पक्कं ठाऊक होतं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याकडून आलेले, कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी होते. हात म्हणजे हात होते त्यांचे. त्या उजव्या हाताचा अंगठा एक दिवस आपोआप बोटांवर फिरू लागला, तंबाखू मळावी तसा. लोक विचारायचे, आबा, आम्हाला पण द्या की चिमूटभर. आबा तंबाखू खात नव्हते. पुढे कंपवात निघाला, हात गेला, मग चाल गेली, बोलणं गेलं, शेवटची वर्षं आई त्यांना घास भरवायची आणि ते मान वळवून घ्यायचे. तेव्हापासून मला एकच धास्ती. दाढी करताना बघायचो, सही करताना बघायचो. हल्ली हल्ली तर न्हाणीघरात दार लावून हात पुढे धरायचो आणि त्यावर वर्तमानपत्राचा कागद ठेवून बघायचो. कागदाचं टोक हलायचं. पंख्याचं वारं असेल म्हणायचो. न्हाणीघरात पंखा नाही.

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की खरं होतं, असं मला वाटत होतं.

मग तो कंटेनर आला. तांदूळ भरायला जाणार होता, म्हणजे आत पाण्याचा एक थेंब गेलेला चालणार नाही. असल्या कंटेनरची आम्ही लाइट टेस्ट करतो. काही मोठं तंत्र नाही. सर्व्हेअरने आत जायचं, बाहेरच्या माणसाने दोन्ही दारं बंद करायची, आणि मिट्ट काळोखात गप्प उभं राहून बघायचं. पत्र्याला सुईच्या अग्राएवढं भोक असलं तरी तिथून उन्हाचा ठिपका चमकतो. ते ठिपके मोजायचे, फोटो काढायचा, आतून दारावर थाप मारायची, बाहेर यायचं.

जुन्या कॅमेऱ्याने मी हे कसं करायचो, तर फ्लॅश बंद करून तो सरळ फळ्यांवर उताणा ठेवायचो, लेन्स वर छताकडे. बटण दाबलं की बाजूला व्हायचं. नवा मला तसा ठेववेना. खाली फळ्यांवर मागच्या मालाची पेंड, तेल, गंजाचा चुरा. पोरीने हौसेने दिलेली वस्तू तिथे पालथी-उताणी कशी घालायची? म्हणून मी तो दोन्ही हातांत धरला, वर बघितलं, श्वास रोखला आणि बटण दाबलं. छताला तीन भोकं होती. रिपोर्टात लिहिलं, तीन सूक्ष्म भोकं. घाईत होतो, फोटो मोठा करून न बघताच पाठवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन. "सर, तुम्ही लिहिलंय भोकं, आणि फोटोत तर चिरा दिसतात. लांब लांब. पार्टी विचारते, भोकं की चिरा? भोकं असतील तर डाग मारून चालेल. चिरा असतील तर छताचा पत्रा बदलायला लागेल. तुम्ही काय ते नक्की सांगा."

मी भडकलो. एवढी वर्षं काम करतोय, मला भोक आणि चीर कळत नाही? मग संगणकावर फोटो उघडला. तीन चिरा होत्या. बोटभर लांब, आणि सरळ नाहीत, दातेरी. करवतीच्या पात्यासारख्या. आणि तिन्ही अगदी एकसारख्या, पहिला दात लहान, मग मोठा, मग मोठा, तिन्हींत तसंच. पत्रा कधी एकसारखा फाटत नाही. एवढं कळायला सर्व्हेअर असावं लागत नाही.

मी दोन्ही कॅमेरे घेऊन परत त्या कंटेनरमध्ये शिरलो. दारं लागली. आधी जुना फळ्यांवर ठेवून काढला, तीन ठिपके आले, मळकट पण गोल. मग नवा हातात धरून काढला. दातेरी. मग मी अंगातलं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट काढलं, त्याची घडी केली, त्यावर नवा कॅमेरा ठेवला, टायमर लावला आणि लांब जाऊन उभा राहिलो. फोटो आला. तीन ठिपके, इतके स्वच्छ, इतके बारीक की मी आजवर लाइट टेस्टचा असा फोटो बघितला नव्हता. कॅमेरा उत्तम होता. कॅमेऱ्याला काहीही झालं नव्हतं.

आत घामाची धार लागली होती आणि मी तसाच उभा होतो. दारावर थाप मारायचं भान राहिलं नाही. शेवटी बाहेरच्या माणसानेच दार उघडलं आणि घाबरून म्हणाला, "साहेब, काय झालं? मला वाटलं चक्कर आली." मी म्हटलं, काही नाही रे, भोकंच आहेत. ऑफिसला तेच कळवलं. जाकिटावर ठेवून काढलेला फोटो पाठवला. काम मिटलं.

घरी मात्र मिटलं नाही. संध्याकाळी मुलीने कौतुकाने कार्ड लॅपटॉपला लावलं, पप्पांनी काय काय काढलंय बघू म्हणून. त्या दातेरी फोटोवर येऊन थांबली. "हे काय पप्पा?" मी म्हटलं, तेच सांगतोय ना केव्हापासून, हलतो हा कॅमेरा. ती हट्टाला पेटली. "थांबा, आत्ताच्या आत्ता बघू." पडदे ओढले, दिवे घालवले, टीव्ही बंद केला की त्याच्या खाली जो लाल दिवा राहतो त्याचा फोटो काढायचा ठरलं. मला नाही म्हणता आलं असतं. डोकं दुखतंय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण लपवून लपवून मी दमलो होतो.

तिने आधी काढला. लाल ठिपक्याला थोडं शेपूट आलं. "अंधारात एवढं हलणारच कुणाचंही," ती म्हणाली. "जुना डबा सांभाळून घेतो, त्याच्यात हात सावरायची सोय आहे, वर फ्लॅश. ह्याच्या बॉडीत ती सोय नाही, सुरुवातीचं मॉडेल आहे ना. आता तुम्ही." मी काढला. तिने फोटो मोठा केला. लाल करवत. तिने आईला काढायला लावला. बायकोने "मला कशाला त्यात ओढता" म्हणत काढला, तिचाही ठिपकाच, जरासा फिसकटलेला. मुलीने मला परत काढायला लावलं. परत करवत, तेच दात.

तिने दिवा लावला, जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड घातलं आणि खाली खाली जात राहिली. मग हळूच म्हणाली, "पप्पा, आधी तुम्ही एका दाराचा एकच फोटो काढत होतात. मग दोन दिसतात. इथून पुढे सगळीकडे चार-चार, पाच-पाच. सगळे सेम. का?"

मला ते माहीतच नव्हतं. देवाशप्पथ माहीत नव्हतं. माझ्या हाताला कळलं होतं, तो एक तरी नीट यावा म्हणून बटण दाबत सुटला होता, आणि मी नवीन कॅमेऱ्याच्या नावाने बोंबलत होतो.

"माझा हात थरथरतो," मी म्हणालो. घरात पहिल्यांदा मोठ्याने. "आबांसारखा. मला फार भीती वाटतेय."

मुलगी रडायलाच लागली. "मी तुम्हाला अंगण वाकडं म्हटलं" असं काहीतरी म्हणत होती. मी तिला म्हटलं, अगं वेडे, तुझा काय दोष? आणि बायकोकडे बघितलं. ती रडत नव्हती. परत ओट्याशी जाऊन कणीक मळत होती ती मळतच होती.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार?" ती म्हणाली. "तुम्ही त्या कॅमेऱ्याला शिव्या देत होता. म्हटलं, देऊ देत. तेवढे दिवस तरी दुखणं त्याचं आहे, आपलं नाही."

हात धुवून ती बाहेर आली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. पनवेलच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे शनिवारची वेळ घेतलेली होती, माझ्या नावाने. वर सरकवलं तर त्याआधीच्या शनिवारची पण होती, त्याच्या आधीची पण, प्रत्येकीखाली रद्द केल्याचा मेसेज.

"दर आठवड्याला घेते," ती म्हणाली, "आणि शुक्रवारी तुमच्याकडे बघून धीर होत नाही. ह्या वेळची पण रद्द करू का?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे ती."