भीमरावांचं मानपत्र

कारगिलची लढाई संपली आणि पुण्यात जुन्या वीरांना अचानक मागणी आली. ज्याला त्याला सत्काराला एक हवा होता. शनिवार पेठेतल्या पोहण्याच्या क्लबाला भीमरावांची आठवण झाली तीही अशीच, एकतीस वर्षांनी.

भीमरावांचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं वाळलेला. पाण्यात मात्र त्यांचं कुणावाचून अडत नसे. अडुसष्ट साली, अठराव्या वर्षी, त्यांनी याच क्लबाची शर्यत मारली, चांगली दोन हातांच्या फरकानं. करंडक गेला दुसऱ्याला. "अधू पाय नियमात बसत नाही," असं चिटणीस आप्पासाहेबांनी जाहीर केलं. कुठला नियम, ते कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांच्या हुकमानं अख्खा तलाव रिकामा झाला. बौद्धाच्या पोराचं अंग लागलेलं पाणी गटारातून वाहत गेलं आणि भीमराव कुबडी टेकून ते शेवटपर्यंत बघत राहिले.

एकाहत्तरच्या युद्धात पलटणीच्या भटारखान्यात रोजंदारीवर लागलेल्या याच माणसानं दातात दोर धरून, गोळीबारात नदी ओलांडली. उलटलेल्या होडीतले नऊ जवान तो दोर धरून काठाला लागले. पदक मिळालं. राग मात्र गेला नाही, आणि तो जावा असं भीमरावांना कधी वाटलंही नाही.

आता आप्पासाहेब क्लबाचे अध्यक्ष होते. फोनवर म्हणाले, "मानपत्राचा मजकूर आपणच करा. कन्या कंप्युटरमध्ये आहे म्हणे, छापूनही आणा. आमचा तेवढाच त्रास वाचेल."

कर्वेनगरच्या घरी अक्षतानं मजकूर टाइप केला आणि मध्येच हात थांबवून विचारलं, "बाबा, ते आधी वाचून बघतील ना?"

"तो माणूस? मानपत्रं सगळी सारखीच, असं त्याचं मत. थेट स्टेजवर वाचतो. चार समारंभांना मागं बसून पाहून आलोय मी."

"अहो, म्हातारे झालेत ते," चंपाबाई म्हणाल्या. "द्या सोडून."

"त्यांनी पाणी सोडलं, तेवढं पुरे," भीमराव म्हणाले आणि मजकूर पुन्हा एकदा तपासायला बसले.

समारंभाला सभागृह भरलं होतं. शाल झाली, नारळ झाला. आप्पासाहेबांनी चौकट हातात घेऊन खणखणीत आवाजात सुरुवात केली. "...अडुसष्ट सालची शर्यत आपण जिंकलीत. करंडक आपणांस दिला गेला नाही. आपल्या स्पर्शानं बाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी तलावाचं पाणी सोडून देण्यात आलं. हा हुकूम देणारे चिटणीस..."

स्वतःच्या नावाशी येऊन ते अडले. पहिल्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. आप्पासाहेबांचा चेहरा उतरलेला पाहून भीमरावांना मनापासून बरं वाटलं, इतकं की पदक घेतानाही वाटलं नव्हतं. आप्पासाहेब चौकट टेबलावर ठेवून खुर्चीकडे वळले, तेव्हा भीमरावांनी कुबडी त्यांच्या वाटेत आडवी धरली.

"नाव वाचा आणि पुढं चला," ते माइकवर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. "माझे नऊ जवान अजून पाण्यात आहेत."