मालकांच्या दंडातली नळी

आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, मुडबीत स्टँडजवळ दुकान आहे, मोटारी आणि फवारणी पंप दुरुस्तीचं. तुंबलेली कुठलीही नळी त्यांच्यासमोर आणा, फुंकून, दाबून, ठोकून मोकळी करणार म्हणजे करणारच. आणि दुसऱ्या कुणी पाना हातात घेतला की त्याच्या हाताकडं टक लावून बसणार. असा माणूस आजारी पडला, आणि त्यांच्याच दंडातल्या नळीची देखभाल माझ्याकडं आली. आता बोला.

कॅन्सर निघाला होता. पहिली औषधं मनगटाजवळच्या शिरेतून दिली, तर ती शीर काळी पडली, दोरीसारखी ताठ झाली. पुढं सुई घालायला शीर सापडेना. टोचून टोचून मालक लहान लेकरासारखे रडले, ते मी पहिल्यांदा बघितलं. मग कलबुर्गीच्या दवाखान्यात दंडातून एक बारीक लांब नळी आत सरकवली, तिचं टोक पार हृदयाजवळ. बाहेर जरासं शेपूट, त्याला एक चिमटा आणि टोपण. औषधांच्या मधल्या काळात ही नळी घरी सलाईननं धुवायची, न्हाईतर आत रक्त साकळून ती बंद पडते. सलाईन भरलेल्या सिरिंजा दवाखान्यातूनच मिळायच्या. धुणार कोण, असं विचारल्यावर मी म्हटलं, मी.

तिथल्या सिस्टर कन्नड बोलणाऱ्या. माझं कन्नड बाजारापुरतं, पण त्या सावकाश सांगायच्या, हातानं दाखवायच्या. हात साबणानं घासायचे आणि वाळू द्यायचे. टोपणाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं घासायचं, तेही आपोआप वाळू द्यायचं, फुंकायचं न्हाई. फुंकायचं न्हाई म्हटल्यावर मी मालकांकडं बघितलं. मग सिरिंजमधली हवा काढायची, थोडं ढकलायचं, थांबायचं, परत थोडं. "आणि अक्का, अडकलं तर जोर ब्याडा," म्हणाल्या. जोर नको. त्यांनी माझ्याकडून स्वतःसमोर करून घेतलं आणि मनासारखं जमल्यावरच घरी सोडलं.

घरी मी माझं राज्य सुरू केलं. भेटायला येणाऱ्यांसाठी दाराबाहेर बादली आणि साबण ठेवला. बुद्धविहारातल्या बायका आल्या, बादली बघून हसायला लागल्या. "आपल्यात सोवळं कवापासून आलं गं?" एकीनं विचारलं.

"सोवळं न्हाई, साबण हाय," मी म्हटलं. "धुवा आणि मग या."

धुतले की सगळ्यांनी.

नळी धुवायच्या वेळी मी पंखा बंद करायचे, माणसं बाहेर काढायचे. राहायचे फक्त मालक, आणि त्यांचे डोळे माझ्या बोटांवर. "हवा ऱ्हायली बघ. चिमटा उघडलास का? घाई करायलीस तू." मी म्हणायचे, "मी येते का तुमच्या दुकानात पाना धरायला शिकवायला?" तेवढ्यापुरतं गप. दुसऱ्या खेपेला परत तेच.

पुढच्या औषधाची तारीख तोंडावर आली होती आणि एका सकाळी सिरिंजचा दट्ट्या हलेना. चिमटा बघितला, उघडाच होता. नळी कुठं दुमडली का बघितलं. मालकांना हात वर घ्यायला लावला, खोकायला लावलं. काहीच फरक न्हाई.

"दाब की," मालक म्हणाले. "दाबल्याबिगर कसं निघंल?"

"न्हाई दाबत."

"कामून? आण इकडं, मी करतो." आणि त्यांचा मोकळा हात पुढं आला. मी फाडकन त्या हातावर मारलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, मालकांवर माझा हात कधी उठला नव्हता.

"तुमचा पंप न्हाई हा," मी म्हटलं. "साकळलेलं रक्त आत गेलं तर कुठं जाऊन बसंल, ठाव हाय?"

त्यांनी हात मागं घेतला. मग हळूच म्हणाले, "दवाखान्यात नेलीस तर नळी काढून टाकतील. परत त्या सुया. काढली तर मी पुढचं औषध घेणार न्हाई, आत्ताच सांगून ठेवतो."

तेव्हा मला कळलं की हा माणूस हट्टाला पेटलेला न्हाई, घाबरलाय. आणि मीही घाबरले. बोललेला शब्द ते खरा करणारे. नळी गेली तर औषध जाणार, आणि औषध गेलं तर मालक जाणार. एक दाब दिला असता तर कदाचित मोकळी झालीही असती, असं माझ्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. पण मी चिमटा बंद केला, दवाखान्यात फोन लावला आणि पायात चपला घातल्या.

बसमध्ये मालक खिडकीकडं तोंड करून बसले.

डॉक्टरांनी तपासून नळीत साकळलेलं रक्त विरघळवायचं औषध सोडलं आणि थांबायला सांगितलं. बसलो. मालक भिंतीकडं बघायलेत. मग सिस्टर आल्या, त्यांनी सिरिंज लावून अगदी हळू मागं ओढली, आणि गडद लाल रक्त नळीतून वर आलं. त्यामागून सलाईन सरळ आत गेलं. नळी काढायची गरज न्हाई, म्हणाल्या. मला तिथंच रडू फुटलं.

"जोर लावला असता तर नळी फाटली असती, न्हाईतर गाठ आत गेली असती," सिस्टर म्हणाल्या. "घरी कोण धुतं?"

"ही," मालक म्हणाले. आणि मग बाकड्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "मी दाबायलो होतो. हिनं दाबू दिलं न्हाई. मारलं मला."

लोक हसले. शाळेत कधी माझा नंबर आला न्हाई, पण त्या दिवशी मी पहिली आले, असं मला वाटलं आणि अजून वाटतं.

पुढचं औषध त्याच नळीतून गेलं. त्यानंतर घरी पहिल्यांदा धुवायला बसले. हात धुतले, वाळवले, पंखा बंद केला. मालकांनी हात टेबलावर पसरला. मी टोपण घासलं, थांबले, हवा काढली, थोडं ढकललं, थांबले, परत ढकललं. हवा ऱ्हायली का, चिमटा उघडलास का, आज काहीच ऐकू येईना. शेवटचं ढकलून चिमटा बंद केला आणि वर बघितलं.

कुणाच्या हातात पाना सुखानं न देणारा माणूस, माझ्यासमोर हात टाकून घोरत होता.

मी त्यांना उठवलं न्हाई.