भांडुप ते मुलुंड, नाक झाकून

कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि शालूमावशी लस घ्यायला तयार नव्हती. ही माझ्या आईची धाकटी बहीण. भांडुपला एकटीच राहते, साठी कधीच उलटलीय, त्यात डायबेटिस. फोनवर समजावून समजावून आई रडकुंडीला आली, तेव्हा मीच बोरिवलीहून स्कूटर काढली.

कुणाला जायचं असेल तर रस्ता सोपा आहे. हायवेने जोगेश्वरी, मग लिंक रोडने पवईवरून कांजूर, तिथून डावीकडे वळलं की भांडुप. सकाळी लवकर निघा. आरेच्या बाजूने छान गार वारा लागतो, पुढे मेट्रोचं खोदकाम लागलं की धूळ. वाटेत मास्क सगळीकडे दिसले: हनुवटीवर, कोपरावर, आरशाला टांगलेले. एका सिग्नलला हवालदार दिसताच बाईकवाल्याने आपला मास्क वर ओढला. तेवढ्यात समोरून साहेबांची जीप आली आणि हवालदारानेही ओढला.

मावशीने दार उघडलं ते मास्क लावूनच. आधी माझ्या हातांवर सॅनिटायझर ओतलं, मग चपलांवर.

"मी खंयच येवचंय नाय," ती म्हणाली. "घरातसून भायर पडू नको म्हणान तूच सांगलंस ना?"

"अगं, ते तेव्हा. आता लस घेतलीस तरच बाहेर पडता येईल."

तासभर वाद झाला. शेवटी "आई स्वतः येऊन तुझ्या दारात बसणार आहे" असं ठोकून दिलं, तेव्हा कुठे ती साडी बदलायला गेली.

स्कूटरवर ती बसेना, म्हणून मुलुंडपर्यंत रिक्षा केली. मधे प्लास्टिकचा पडदा होता, तरी मावशीने रिक्षावाल्याला सोडलं नाही. "नाक खंय ठेवलंस रे?" तो यूपीचा, पण समजलं त्याला. केंद्रावर तर तिने रांगच सुधारली. टोपी घातलेल्या एका काकांना दोनदा दम मिळाला. आमच्या पुढचं-मागचं एकूणएक नाक झाकलं गेलं. मला तिचा फार अभिमान वाटला.

आमचा नंबर आला. टेबलावरची सिस्टर म्हणाली, "आजी, मास्क जरा खाली करा. आधारचा फोटो बघायचाय."

मावशीने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "मास्क काढू नये, असां लिवलाहा."

"दोन सेकंद फक्त."

"नियम म्हणजे नियम."

मागे कुजबुज सुरू झाली. टोपीवाले काका म्हणाले, "आता आजींना कोण दम देणार?" मावशी सरळ दाराकडे निघाली. आता ही लस न घेताच घरी जाणार, असं दिसताच मी तिचा हात धरला. तिने मला कोपऱ्यात ओढलं, भिंतीकडे तोंड केलं आणि मास्क खाली केला.

पुढचे दोन दात गायब.

"कडक खाजा खाताना गेले," ती पुटपुटली. "डॉक्टरांचो दवाखानो बंद होतो. मगे मास्क इलो, बरां झालां. हसतंस कित्याक?"

मी हसत नव्हते. म्हणजे, मास्कच्या आत हसत होते.

मी सिस्टरच्या कानात सांगितलं आणि टेबलापुढे ओढणी आडवी धरली, लग्नात अंतरपाट धरतात तशी. आत मावशी, बाहेर रांग. सिस्टरने वाकून पाहिलं, तिचे डोळे बारीक झाले. "झालं आजी."

"मंगलाष्टकं म्हणू का?" काकांनी विचारलं.

"आधी नाक झाक," पडद्याआडून उत्तर आलं.

सुईला ती हूं की चूं न करता बसली. नंतर निरीक्षणासाठी बसवलं होतं, तिथे काका बरोबर एक खुर्ची सोडून बसले. दोघं कणकवलीचेच निघाले. परतताना तिने वडे बांधून घ्यायला लावले. घरी दार लावून आम्ही दोघींनी मास्क काढून खाल्ले. तिला चावायला वेळ लागत होता, पण हसायला नाही.

संध्याकाळी बोरिवलीला पोचले तेव्हा पाठ मोडली होती. आईला एवढंच सांगितलं की लस झाली. तेव्हापासून कुणाचं नाक झाकलेलं दिसलं की तो शहाणाच असेल असं मी धरून चालत नाही. पण मावशी त्या सबंध काळात आजारी पडली नाही, हेही खरं.

हे लिहायची परवानगी तिने फोनवर दिली, नाव बदलायच्या अटीवर. आणखी एक अट होती: दात पडल्याचं लिही, पण वरचे की खालचे, ते लिहू नकोस.