कौतिकाआत्याचं सूत

काय गं सुमे! दिवाळीपासून तुझा पत्ता नाही, आणि आता पत्रात विचारतेस, कौतिकाआत्या कोण? अगं, करडी गावात आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. सकाळी ओसरीवर बसून डावी मांडी उघडी करायची, राख चोळायची, आणि टसर रेशमाच्या उकडलेल्या कोशांचे चार-पाच तंतू एकत्र ओढून तळव्यानं मांडीवर पिळायची. डोळे मात्र रस्त्यावर. "सूत पाहाचं नसते वं, मांडीले समजते," म्हणायची. कुणाची म्हैस सुटली ते सांगता सांगता तिचं सूत केसासारखं एकसारखं यायचं. आमच्या मागावर तेच लागायचं.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. हगवणीतून उठली आणि पंधरा दिवसांनी पायांना मुंग्या आल्या. तरी सुताला बसलीच. मी गेले तर सुतावर लाल डाग! मांडी सोलून निघालेली आणि तिला पत्ता नाही. उलट मलाच म्हणते, "काहून वं अशी पाहून रायली?" चार दिवसांत पाय गेले, हात ढिले पडले. जीपमध्ये घालून नागपूरला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नसेवर चरबीचं वेष्टण असतं, त्यामुळे निरोप भरभर जातो. आजाराशी लढणारी शरीराचीच शक्ती चुकून त्या वेष्टणावर उलटली, ते कुरतडलं गेलं. पण आतली नस बरीचशी शाबूत आहे. नसेजवळच्या पेशी पुन्हा थरावर थर गुंडाळतील. नवं वेष्टण पहिल्याहून पातळ राहील, पण काम देईल. आत्या पडल्या पडल्या म्हणाली, "म्हंजे आतमंदी कोनीतरी बसून गुंडाळून रायलं म्हना! घाई नोका करू बापा त्याले."

हात आधी आले, मग मांड्या, पावलं सगळ्यांत शेवटी. काठी टेकत चालू लागली, पण तिला घोर एकच: मांडीला सूत कळेल का? दर आठवड्याला सुताची एक लड काढून आमच्या ह्यांच्यापुढे ठेवायची. हे बोटांतून फिरवायचे आणि परत द्यायचे. "आत्या, गाठी हायेत." मला मेला असा राग यायचा ह्यांचा!

एकदा मी गुपचूप तिच्या लडीच्या जागी मी काढलेली लड ठेवली. ह्यांनी पसंत केली. आत्यानं ती उचलली, टोक सोडवून मांडीवर घासलं. नजर रस्त्याकडेच.

"कमले, हे सूत मायं नोहे. मले लुली समजतं का वं तू?"

मी मान खाली घातली. आणि एकदम माझ्या ध्यानात आलं.

"आत्या, तुमाले कसं समजलं? पाह्यलं तं नाही तुमी!"

ती थबकली. पुन्हा तंतू घासला. पुन्हा एकदा. मग माझ्या पाठीत असा धपका घातला की विचारू नकोस, आणि हसता हसता रडली.

दोन आठवड्यांनी ह्यांनी तिची लड घेतली, बोटांतून फिरवली आणि सरळ मागावर लावली.

पुढे कितीतरी वर्षं तिनं सूत काढलं. डाव्या पायाची बोटं तेवढी बधिरच राहिली. चप्पल मागे पडायची, ही पुढे. आम्ही ओरडायचो, "आत्या, चप्पल!" तर म्हणायची, "राहू दे वं, गुंडाळनारा अजून तेथवर नाही पोचला."

सूत कसं कळतं, ते मला लिहून नाही सांगता येत, सुमे. तुझ्याच मांडीवर तंतू ठेवून दाखवावं लागेल. लवकर ये.